नाकावरची माशी आणि पाठीवरचा लाल ठिपका

घाबरू नका मित्रांनो, मी भरलेली नाही. माझ्या दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत. माझा मालक पेन्को मला लोखंडी कपाटातून बाहेर काढतो, तेव्हा सगळ्यात आधी तेच बघतो. मी शिकारीची दुनळी बंदूक आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, अक्रोडाच्या लाकडाचा आहे. नळ्या शेजारी शेजारी आहेत, पण त्यांचं एकमेकींशी कधी फारसं पटलं नाही. उजवी सरळ वागते, डावी जरा फटकून असते. एका घरात इतकी वर्षं काढली की भांडणाचीही सवय होते.

माझा जन्म बल्गेरियातल्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याचं नाव मला कधी कळलं नाही. त्याचे हात मात्र आठवतात. कानशीने घासता घासता तो मध्येच थांबायचा, माझा दस्ता गालाला लावायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. त्याच्या हट्टामुळेच माझा दस्ता असा गालाला बिलगणारा झाला. शेवटी त्याने माझ्या नळ्यांच्या टोकाशी पितळेचा एक बारीक मणी बसवला. या मण्याला शिकारी लोक माशी म्हणतात. नेम धरताना ही माशी जनावरावर टेकवायची आणि चाप ओढायचा. अमुक माणूस नाकावर माशी बसू देत नाही, असं तुम्ही म्हणता ना? माझ्या तर नाकावर जन्मतःच माशी बसलेली, आणि तिचा मला कोण अभिमान!

पेन्कोने मला घेतलं तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. दाब्रेवो हे त्याचं डोंगरातलं गाव. तिथल्या घाटातून तो शाळेची बस चालवायचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ. पण बस पेन्कोच्या हातात आहे म्हटल्यावर गावातल्या आया निर्धास्त असत. "पेन्कोला धुक्यातही दिसतं," असं लोक म्हणायचे. हे वाक्य पेन्कोला फार आवडायचं. पुढे त्याच वाक्याने त्याचा घात केला.

शरद ऋतू आला की शनिवार-रविवार आमचे. गावातले शिकारी जमायचे, नारिंगी टोप्या घालायचे आणि एकमेकांना "नास्लुका!" म्हणायचे. शिकाऱ्याला कुणी 'यश मिळो' वगैरे म्हणत नाही, तो अपशकुन. म्हणायचं ते फक्त 'नास्लुका'. टोळीचा नायक होता वाल्चो, पेन्कोचा लहानपणापासूनचा मित्र. कोण कुठे उभं राहणार हे वाल्चो ठरवायचा. मग हाकारे कुत्री घेऊन खालून हाका घालत यायचे, आणि रानडुकरं ओकच्या झाडीतून वर निसटायला बघायची. जुन्या दगडी पाणपोईशी जी वाट निघते, तिथे आम्ही दोघं उभे असायचो. त्या जागेला सगळे 'पेन्कोची जागा' म्हणायचे. दुसऱ्या कुणाची तिथे उभं राहायची छाती झाली नाही.

रानडुकरं म्हणजे मक्याच्या शेतांचा कर्दनकाळ. एका रात्रीत शेताचं वाटोळं करतात. त्यामुळे आमचं कौतुकही व्हायचं. "पेन्कोची म्हातारी बोलली की डुक्कर ऐकतं," असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. मी तेव्हा म्हातारी नव्हते, पण ऐकून घेतलं. स्तुतीत एखादा शब्द वावगा असला तरी चालतो.

घरी आलो की पेन्को मला उघडून फडक्याने पुसायचा, तेल लावायचा. त्याची बायको रुस्का ओरडायची, "मला हातापायाला लावायला तेल आणत नाहीस, आणि तिला रोज मालिश!" पेन्को हसायचा आणि पुसत राहायचा. खरंच सांगते, त्या फडक्याचे उपकार मी विसरले नाही. नाहीतर माझ्या वयाच्या कितीतरी बंदुका कधीच गंजून गेल्या.

पण मित्रांनो, लोखंडाला तेल लावता येतं, डोळ्यांना कुठून लावणार?

पेन्को सेवानिवृत्त झाला, आणि हळूहळू त्याला माझी माशी दिसेनाशी झाली. आधी ती पुसट झाली, मग तिचा धुरकट गोळा झाला. पुढे पुढे तर डुक्करही पुसट दिसायला लागलं. डॉक्टरांनी चष्मा दिला. पेन्कोने तो डबीत घातला आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात. शिकारीला गेल्यावर ती डबी बाहेर काही येईना. मी खांद्याला लटकलेली असायचे. माझा पट्टा त्या खिशावरूनच जायचा, त्यामुळे डबीचा कोपरा मला सारखा टोचायचा. मला वाचा असती तर तिथेच ओरडले असते, "अरे, लाव की तो!"

आणि मग गेल्या हिवाळ्यात ते घडलं. डुक्कर वाटेवर आलं. त्याच्या मागे वाल्चोची कुत्री लिसा होती, अगदी शेपटीशी. पेन्कोला दोघं मिळून एकच काळं काहीतरी दिसलं. त्याने अंदाजाने बार काढला. डुक्कर पळालं. लिसा किंचाळली.

लिसा वाचली. गोळी मागच्या पायाला चाटून गेली होती. वाल्चोने तिला कोटात गुंडाळलं, उचललं आणि तो डोंगर उतरून गेला. पेन्कोला तो एक शब्दही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पेन्कोने मला पुसलं नाही. तसंच कपाटात उभं केलं आणि कुलूप लावलं.

कपाटातून काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. वसंत आला, उन्हाळा आला. अंगणात रुस्का मिरच्या भाजत होती त्याचा वास आला. माझ्या नळ्यांत धूळ बसली, एका कडेला गंजाचा ठिपका उमटला. बाहेर पेन्को दिवसभर घरात बसून असायचा. रेडिओशी भांडायचा, शेजाऱ्याच्या कोंबड्यावर चिडायचा. एकदा मी त्याला रुस्काला सांगताना ऐकलं, "नवीन वर्षात परवाना संपतोय. या खेपेला नवा करत नाही. बंदूक पोलिसांत जमा करून टाकतो."

जमा केलेल्या जुन्या बंदुकांचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्यांना कापतात आणि भट्टीत घालतात.

हिवाळ्यासाठी कोबी खारवायचे दिवस आले तेव्हा दारात एक ओळखीचा आवाज ऐकू आला.

"रुस्कावहिनी, म्हातारा जिवंत आहे का?" तो वाल्चो होता.

"आहे बाबा, आहे," रुस्का म्हणाली. "घेऊन जा त्याला! रानात ने, दरीत ने, कुठेही ने. आज मला कोबीत मीठ किती घालायचं ते शिकवत होता. मला! लग्न झाल्यापासून मी पिंपं भरतेय!"

"मी कुठेही येणार नाही," आतून पेन्को म्हणाला.

वाल्चो आत आला. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"पाय कसा आहे तिचा?" पेन्कोने विचारलं.

"लंगडते थोडी. पण अजून तुझ्यापेक्षा जोरात पळते." वाल्चोने घसा खाकरला. "हे बघ पेन्को, मी काही तुला माफ करून मिठी मारायला आलेलो नाही. माझा राग अजून गेलेला नाही. पण टोळीतले मला विचारतायत, पेन्कोच्या जागेवर आता कोण उभं राहणार? माझ्या तोंडून दुसऱ्याचं नावच निघत नाही. म्हणून सांगतो. हल्ली बंदुकीवर लाल ठिपक्याची काच बसवतात. माशी शोधायची भानगड नाही. काचेत लाल ठिपका दिसतो, तो जनावरावर आला की झालं. तशी एक बसवून घे. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत कागदावर नेम मारून दाखव. बसला तर जागा तुझी. नाही बसला तर काठी घे आणि हाकाऱ्यांबरोबर चाल. ते कामही काही हलकं नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी उद्यापासून त्याच्या जेवणात मीठ घालणार नाही," रुस्का मधेच बोलली. "खा म्हणावं अळणी!"

मित्रांनो, खरं सांगू का, मला रागच आला होता. माझ्या पाठीवर काच? माझी पितळी माशी काय मेली होती? पण भट्टी आठवली आणि मी गप्प बसले.

दुकान शहरात होतं. दुकानाची मालकीण इवायला, बोलायला चटपटीत बाई. तिने मला हातात घेतलं, उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान जपलंय हिला! कडेला गंज कसला हा?" पेन्को खाली मान घालून उभा राहिला. त्या एका वाक्यासाठी मी इवायलाची जन्मभर आभारी आहे.

"काय मारता काका? उभं की पळतं? जवळून की लांबून?"

"डुक्कर. पळतं. जवळून," वाल्चोने उत्तर दिलं.

इवायलाने माझ्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर एक चिमटा बसवला आणि त्यावर पहिली काच लावली. ती एक लांब नळकांडी होती. पेन्कोला एकदम पसंत पडली, दिसायला भारदस्त ना! पण ती इतकी उंच बसली की तिच्यातून बघायला त्याला हनुवटी वर करावी लागली. इतकी वर्षं माझ्या दस्त्यावर टेकणारा गाल अधांतरी राहिला. वर तिचं वजन एवढं, की मी पुढे झुकायला लागले.

"नको," इवायला म्हणाली. "गाल उठला की नेम गेला. काच कितीही भारी असली तरी बंदूक खांद्याला लावल्यावर डोळा सरळ तिच्यात गेला पाहिजे."

दुसरी एक छोटी बंद डबी होती. पुढे काच, मागे काच, आणि ठिपका पाडणारा दिवा आत सुरक्षित. वाल्चोने ती उलटसुलट करून पाहिली. "ही घे. पाऊस पडो, बर्फ पडो, हिला काही होणार नाही."

"फार दिसते," पेन्को पुटपुटला.

"काका, दिसण्यासाठीच तर असते ती!"

"तसं नाही हो. लांबून लोकांना दिसते. वरती खोका ठेवल्यासारखी."

मग इवायलाने तिसरी काढली. ही म्हणजे एका बारीक पट्टीवर उभी केलेली नुसती एक काच. पट्टीवर मागे एक इवलासा उघडा दिवा, त्याचा ठिपका काचेवर पडायचा. वजन जवळजवळ नाहीच. अगदी पट्टीलगत बसली. पेन्कोचा चेहरा खुलला. "हीच! हिच्यावर हात ठेवला की कुणाला पत्ताही लागणार नाही."

"चांगली आहे, पण उघडी आहे," इवायलाने बजावलं. "दिव्यावर पाणी पडलं की ठिपका बिघडतो. झाकण लावून ठेवायचं, आणि उभं राहण्याआधी एकदा बघून घ्यायचं."

"हो हो, बघू," पेन्को म्हणाला. हे 'हो हो' मी ओळखते. रुस्काच्या बोलण्यालाही तो असंच म्हणतो.

"आणि ठिपका मोठा की बारीक?"

"सगळ्यात बारीक. मी काय आंधळा आहे?"

"बारीक ठिपका लांबच्या, उभ्या निशाणीसाठी बरा. पळत्या डुकरावर तो शोधत बसलात, तर डुक्कर शेजारच्या गावात पोचेल. मोठाच घ्या. चटकन सापडतो."

मागच्या भिंतीवर एक कागदी डुक्कर चिकटवलेलं होतं. पेन्कोने मला खांद्याला लावलं आणि काचेतून बघितलं.

"कसा दिसतो ठिपका?"

"कसला ठिपका! टोमॅटो फुटल्यासारखा दिसतोय. काच खराब आहे ही."

वाल्चोने मला घेऊन बघितलं. "चांगला गोल आहे की."

"मग तुझे डोळे खराब आहेत."

इवायलाने आपला मोबाइल काचेमागे धरला, फोटो काढला आणि पेन्कोपुढे केला. फोटोत ठिपका स्वच्छ गोल होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "ठिपका फुटका दिसला तर पुष्कळदा दोष काचेत नसतो, नजरेत असतो. तुम्हाला चष्मा आहे का?"

"नाही," पेन्को म्हणाला. आणि नाही म्हणताना त्याचा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला.

वाल्चोने ते पाहिलं. "काढ."

"काय काढ?"

"खिशातलं काढ."

पेन्कोने डबी काढून काउंटरवर ठेवली. वाल्चोने ती उघडली. चष्मा कोरा करकरीत होता, दांड्याही नीट वाकलेल्या नव्हत्या. वाल्चोचा चेहरा लालबुंद झाला.

"गेल्या हिवाळ्यात हा तुझ्या खिशात होता?"

"होता."

"लिसावर बार काढलास तेव्हा?"

"तेव्हाही होता." पेन्को उसळून म्हणाला. "अरे, तुम्ही हसला असतात! आयुष्यभर घाटातून बस चालवली मी. गावातली सगळी पोरं माझ्या या डोळ्यांच्या भरवशावर शाळेत गेली. तो पेन्को नाकावर चष्मा ठेवून टोळीत येणार? पाणपोईपाशी आंधळा उभा केलाय म्हणाला असतात!"

मला वाटलं, आता वाल्चो निघून जाणार. तो दाराकडे वळलाही. पण मग तो मागे फिरला, त्याने तोंडात बोटं घातली आणि वरचे सगळेच्या सगळे दात काढून चष्म्याशेजारी ठेवले.

"हे बघ," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "कितीतरी वर्षं झाली. टोळीत कुणाला म्हाईत आहे? जेवताना मी मान खाली घालून का खातो? हश आता. हश की!"

इवायलाने घाईघाईने तोंड फिरवलं आणि उगाचच कपाटातल्या डब्या लावायला लागली. तिचे खांदे हलत होते. पेन्को दातांकडे बघत राहिला, आणि मग तो असा हसला, असा हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभर मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. वाल्चोने दात परत बसवले. "रागवायचं ते मी नंतर रागावेन," तो नीट आवाजात म्हणाला. "आधी तो चष्मा लाव."

पेन्कोने चष्मा लावला, मला खांद्याला लावलं. ठिपका गोल झाला.

"ठिपक्याकडे बघू नका," इवायलाने सांगितलं. "दोन्ही डोळे उघडे ठेवून डुकराकडे बघा. ठिपका आपला आपण येतो."

आणि आला की तो! मित्रांनो, तेव्हा मला कळलं, की माझ्या माशीचं काम संपलं. इतकी वर्षं पेन्को नेम धरताना माझ्या नाकाच्या टोकाकडे बघायचा. आता तो माझ्यावरून पलीकडे बघत होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या गालाच्या सगळ्या ताठर शिरा सैल झालेल्या मला दस्त्यावर जाणवल्या, आणि मग फार वाईट वाटून घेतलं नाही.

काच मात्र त्याने ती उघडीच घेतली. लपणारी.

खाणीत कागद लावला. एकाच जाड गोळीचं काडतूस उजव्या नळीत घातलं. पहिले बार डावीकडे गेले. पेन्कोने काचेचा बारीक स्क्रू फिरवला. पुढचे असे बसले, की बशी ठेवली तर सगळी भोकं झाकली जातील. वाल्चोने कागद घडी करून खिशात घातला. "जागा तुझी," तो म्हणाला. बास, तेवढंच.

मग शनिवार आला. रुस्का पहाटेपासून तयारीत होती. तिने पनीर घालून गरम बानित्सा, म्हणजे थरांची जाड पोळी, भाजली आणि डब्यात भरली. पेन्कोने अंगणात काचेचं झाकण काढून तिला लाल ठिपका दाखवला. "शोभतो हो म्हातारीला," ती म्हणाली.

आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की बायका उंबऱ्यावर पाणी ओततात. काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून. थोडं ओतलं तरी चालतं. पण रुस्काने वर्षभर या माणसाला घरात सहन केलं होतं! तिने तांब्याची भरलेली घागर उचलली आणि आनंदाने पूर्ण ओतली. फरशीवरून पाणी उडालं. पेन्कोच्या विजारीवर उडालं, मांजरावर उडालं, आणि काही थेंब माझ्या काचेवर आणि त्या उघड्या दिव्यावर बसले. पेन्कोने हसत हसत मला पिशवीत सरकवलं. झाकण अंगणातच राहिलं.

पाणपोईपाशी पोचल्यावर काच एकदा बघायला हवी होती. इवायलाने तसं बजावलंही होतं. पण पेन्को वेगळ्याच कामात गुंतला होता. इकडे बघ, तिकडे बघ, कुणी पाहत नाही ना याची खात्री कर, आणि मग चोरासारखा चष्मा काढून नाकावर ठेव. एवढ्यात खालून कुत्र्यांचा आवाज आलाच.

डुक्कर मोठं होतं. ओकच्या वाळक्या पानांतून धडधडत सरळ आमच्या वाटेवर आलं. पेन्कोने मला खांद्याला लावलं. काचेत ठिपका नव्हता. डाळिंब फोडल्यावर दाणे उडावेत तसा सगळा लाल सडा पडला होता. त्यात डुक्कर कुठे आणि त्याच्या मागे काय आहे, काही कळेना. माशी शोधावी तर तीही दिसेना.

मला त्याचं बोट चापावर जाणवत होतं. डुक्कर इतकं जवळ होतं, की अंदाजाने बार काढला असता तरी कदाचित लागला असता. आणि सोडलं तर सगळी टोळी म्हणणार, पेन्को संपला. मी मनात म्हणत होते, नको रे, नको.

बोट उचललं गेलं. पेन्कोने मला खाली घेतलं आणि उघडलं. डुक्कर वाटेवरून निघून गेलं. त्याच्या मागे, अगदी शेपटीशी, नेच्याच्या झुडपांतून लंगडत लंगडत लिसा पळत गेली.

ती झाडीत शिरेपर्यंत पेन्को तिच्याकडेच बघत राहिला.

खांद्यावरचा बिनतारी रेडिओ खरखरला. वाल्चोचा आवाज होता, आणि तो सगळ्या टोळीला ऐकू जात होता. "पेन्को! तुझ्याकडेच आलं होतं ना? बार का नाही काढलास?"

मित्रांनो, मला आता स्वतःची धास्ती वाटली. हा माझ्यावर ढकलणार! 'काडतूस फुसकं निघालं' म्हटलं, 'चाप अडकला' म्हटलं, की हा सुटला आणि मी भट्टीत. जुन्या बंदुकीवर काय, कुणीही विश्वास ठेवेल.

पेन्कोने रेडिओ तोंडाशी धरला. "मला दिसलं नाही," तो म्हणाला. थांबला, आणि पुन्हा बोलला. "मला चष्मा लागतो. आज लावलाय. पण काचेवर पाणी होतं, मी आधी बघितलं नाही. दिसलं नाही, म्हणून मारलं नाही."

रेडिओवर कुणीतरी विचारलं, "पेन्को, तुला चष्मा?"

दुसरा एक आवाज हळूच म्हणाला, "मलापण लागतो रे. मी गाडीत ठेवतो."

"तू? मग मागच्या रविवारी माझ्या टोपीकडे बघून कोल्हा कोल्हा ओरडलास ते..."

"गप्प बसा सगळे!" वाल्चो गरजला. "ज्याचा गाडीत आहे त्याने गाडीत जाऊन आणावा. तोवर हाका बंद."

आणि खरंच सांगते, हाका थांबला. आमच्या शिकारीत असं कधी झालं नव्हतं.

दुपारी पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाला तरी डुक्कर मिळालं. पाणपोईपाशी जाळ केला, मोठ्या कढईत कालवण शिजलं. टोळीचा एक नियम आहे. ज्याच्या समोरून डुक्कर सुटतं, त्याने शेवटी कढई घासायची, तीही थंडगार पाण्याने, बाकीच्यांची टिंगल ऐकत. जेवणं झाल्यावर कुणीतरी ओरडलं, "चला, आज कढई पेन्कोची!"

पेन्को उठला. नाकावर चष्मा तसाच होता. पण वाल्चोने त्याच्या हातातून कढई ओढून घेतली.

"आज कढई मी घासणार," तो म्हणाला.

"का रे? तुझ्या समोरून कुठे सुटलं?"

"गेल्या वर्षी सुटलं." वाल्चोने बाह्या वर केल्या. "सगळ्यांना उभं मी करतो. बंदुका मी तपासतो, टोप्या मी तपासतो. पण याला दिसतंय का, हे मी कधी विचारलं नाही. नुसता रागावून घरी बसलो. आणि एक ऐकून ठेवा. ज्याला 'मला दिसलं नाही' असं म्हणता येतं, त्याच्या समोरून माझी कुत्री रोज जाऊ दे. ही जागा पेन्कोची आहे. तो स्वतः सोडेपर्यंत."

मग तो पाण्याशी बसला आणि राखेने कढई घासायला लागला. कुणी टिंगल केली नाही. पेन्को त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि पाणी ओतत राहिला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा इवायलाच्या दुकानात गेलो. पेन्कोने उघडी काच काउंटरवर ठेवली आणि ती बंद डबी मागितली.

"काका, पण ती लांबून लोकांना दिसते," इवायला म्हणाली.

"दिसू दे," पेन्को म्हणाला. "मला दिसल्याशी मतलब."

तिथून तो तसाच डॉक्टरांकडे गेला आणि त्याने परवान्यासाठी डोळे तपासून घेतले, चष्मा लावून. रात्रीच्या जेवणाआधी मला अंगणात बसून पुसलं. कडेचा गंज कितीतरी वेळ घासत होता. "तिला मालिश, मला काही नाही," रुस्का आतून ओरडली. मला ते गाण्यासारखं गोड वाटलं.

आज मी सुखात आहे. ज्याने मला गालाला लावून लावून घडवलं त्याचे उपकार आहेत. फडक्याचे आहेत, इवायलाचे आहेत, वाल्चोच्या दातांचेही आहेत. पाठीवरच्या डबीशी माझी आता मैत्री झाली आहे. मी आयुष्यात पुष्कळ बार काढले आणि त्यांचं कौतुकही ऐकलं. पण सगळ्यात मोठे उपकार आहेत ते त्या न निघालेल्या बाराचे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातही एखादा चष्मा खिशात लपून बसला असेल. तो बाहेर आला तर हसू नका. मऊ फडक्याने नीट पुसून द्या आणि विचारा, "आता दिसतंय का?" उत्तर 'नाही' असं आलं तरी रागावू नका. पेन्को त्या दिवशी सगळ्यांसमोर नाही म्हणाला, म्हणून लिसा आत्ता वाल्चोच्या अंगणात उन्हाला पाय ताणून झोपली आहे, आणि मी इथे तुमच्याशी बोलते आहे.